मोलांची बेरीज : मार्गदर्शक सूचना

साहित्य : एक कॅल्क्युलेटर, एक खोडरबर आणि ‘आकडे जास्त तितकं उत्तर अचूक’ ही अढळ श्रद्धा.

समजा, चंचुपात्रात पाण्याचे ६.०२२ × १०²³ रेणू आहेत. म्हणजे एक मोल, साधारण १८ ग्रॅम. त्यात आणखी ५ × १०¹⁹ रेणू घातले. एकूण किती?

सर्वांत सोपी रीत अशी : घातांकांकडे ढुंकूनही न पाहता ६.०२२ आणि ५ यांची बेरीज करावी आणि ११.०२२ वर मोठ्यातला मोठा घात चढवावा. पाणी जवळजवळ दुप्पट होतं. दुष्काळी भागासाठी विशेष उपयुक्त.

ज्यांना गुणाकाराचा नियम पाठ आहे, त्यांनी तो इथेच वापरावा. ५ मध्ये सार्थ अंक एकच, म्हणून उत्तर ६ × १०²³. आधीच्या पाण्यातलंही थोडं गेलं, पण नियम पाळल्याचं समाधान मिळतं.

एवढं करूनही मार्क हवेच असतील, तर नाइलाजाने घात सारखे करा. ५ × १०¹⁹ म्हणजे ०.०००५ × १०²³, बेरीज ६.०२२५ × १०²³. बेरजेत सार्थ अंक मोजत नाहीत, स्थान बघतात, आणि शब्द चालतो तो सर्वांत ढोबळ संख्येचा. ‘चारेकशे पानं उठली’ या हिशेबात मागून आलेले दोघे कुणी धरत नाही. इथे पहिली संख्या तिसऱ्या दशांशाशी थांबली, म्हणून तुम्हीही तिथेच थांबायचं.

पण शेवटी नेमका ५ उभा आहे! गणिताच्या तासाला तो वर ढकलतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकात आधीचा अंक सम असेल तर तसाच ठेवतात, विषम असेल तर एकाने वाढवतात. इथे २ आहे, सम. उत्तर : ६.०२२ × १०²³. पाच लाख कोटी कोटी रेणू कागदावरून गेले. त्या २ च्या जागी ३ असता, तर तेवढेच रेणू फुकटात पदरात पडले असते. घाबरू नका, सगळं मिळून ते दीड मिलिग्रॅम पाणी.

एका मोलमध्ये किती कण हे सांगणारा अ‍ॅव्होगॅड्रो स्थिरांक २० मे २०१९ पासून ६.०२२१४०७६ × १०²³ असा कायमचा ठरवून दिला आहे. शंका उरली ती तुमच्या तराजूची. तेव्हा कॅल्क्युलेटरवरचे दहा आकडे उतरवून घेऊ नका. तसंही बारावीच्या बोर्डाला कॅल्क्युलेटर नेऊ देत नाहीत. लॉग टेबल चालतं, आणि त्यात चार आकड्यांपुढे काही मिळत नाही.