पदन्यासपंडित

मनुष्य चालतो कसा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर ज्यांना अद्याप सापडलेले नाही आणि ते न सापडल्यामुळेच ज्यांचा चरितार्थ सुखेनैव चालला आहे, अशा विद्वानांचा एक वर्ग पृथ्वीवरील बहुतेक मोठ्या विद्यापीठांतून आढळतो. त्या वर्गाचा एक अस्सल नमुना आमच्याच आळीत वास्तव्य करून असल्यामुळे त्याच्या निरीक्षणाचा लाभ मला विनासायास झाला आहे. त्यांच्या शास्त्राला जैवयांत्रिकी असे भारदस्त नाव असले तरी आळीत त्यांना सर्वजण पदन्यासपंडित म्हणतात, आणि दूधवाल्याच्या वहीतही त्यांचे खाते याच नावाने मांडलेले आहे.

तुम्ही-आम्ही समोरच्या माणसाच्या तोंडाकडे पाहून बोलतो. पंडितांची दृष्टी गुडघ्याच्या वर क्वचितच चढते. त्यामुळे नित्य भेटणाऱ्या माणसाचा चेहरा त्यांना ओळखू येत नाही, परंतु जिन्यावर पाऊल वाजताच, ‘डाव्या घोट्यावर भार कमी पडतो आहे, त्या अर्थी पोस्टमन आला,’ असे निदान ते आतल्या खोलीत बसून बिनचूक करतात. लग्नसमारंभात इतर निमंत्रित वधूचे दागिने मनातल्या मनात तोलीत असता हे सप्तपदीकडे टक लावून बसतात, आणि शालूच्या घोळामुळे वधूचे पाऊल किती आखडले व त्यापायी वरास आपली चाल किती आवरावी लागली, याची टिपणे लग्नपत्रिकेच्या पाठीवर करतात.

बापाचे बोट धरून एखादे पोर दुडुदुडु धावताना दिसले की आपल्याला त्याचे कौतुक वाटते. पंडितांना विल्यम फ्रूड आठवतो. हा एकोणिसाव्या शतकातील इंग्रज नौकाशास्त्रज्ञ. त्याने जहाजांसाठी बसवलेले गणित पुढे लीड्स विद्यापीठाच्या मॅकनील अलेक्झांडर यांनी प्राणिमात्रांच्या तंगड्यांना लावले. चालताना आपले शरीर टेकलेल्या पायावरून कमानीच्या वाटेने वर चढून पलीकडे उतरते. वेग वाढवीत गेल्यास त्या कमानीवर शरीर धरून ठेवायला गुरुत्वाकर्षण अपुरे पडू लागते, आणि ती टोकाची वेळ येण्याच्या बऱ्याच आधी मनुष्य शहाणपणाने धावू लागतो. वाढलेल्या माणसाची ही पाळी सेकंदास सुमारे २ मीटर वेगाला येते. पाय चौथाई लांबीचा असेल तर त्याच्या निम्म्या वेगालाच. याच हिशेबाच्या आधारे अलेक्झांडरसाहेबांनी १९७६ साली खडकात उमटलेल्या पाऊलखुणांवरून डायनोसॉरांच्या वेगाचा अंदाज बांधला. पंडित हे सर्व त्या बापाला लक्ष्मी रस्त्याच्या ऐन गर्दीत, सायकली आणि हातगाड्या अडवून, समजावून सांगतात. ‘‘तुमचा मुलगा द्वाड नाही हो, त्याचा पाय आखूड आहे!’’ एवढे वाक्य कानी पडताच बाप मुलाला खांद्यावर घेतो आणि स्वतःच धावू लागतो.

आपल्या शास्त्राचा कुलवृत्तांत त्यांना मुखोद्गत आहे. मूळपुरुष अर्थात अॅरिस्टॉटल; परंतु पंडितांची खरी भक्ती इटलीच्या बोरेल्लीवर. स्नायू, हाडे आणि सांधे यांना तरफेचे नियम लावून या गृहस्थाने प्राण्यांच्या चलनवलनावर जो ग्रंथ रचला, तो छापून निघू लागला १६८० साली, म्हणजे ग्रंथकर्ता आदल्या वर्षाच्या अखेरच्या दिवशी निवर्तल्यानंतर. ‘‘भाग्यवान!’’ पंडित सुस्कारा टाकून म्हणतात, ‘‘परीक्षकांच्या शंकांना उत्तरे देण्यातून सुटला.’’ लाइपझिगच्या ब्राउने आणि फिशर या जोडीविषयीही ते आदराने बोलतात. या दोघांनी जर्मन पायदळातील शिपायाचे ओझे कोठे बांधावे हे ठरवण्यासाठी गोठवलेल्या प्रेतांचे गुरुत्वमध्य काढले, आणि पुढे एका जिवंत मनुष्याच्या अंगावर विजेच्या प्रकाशनळ्या बांधून त्याला अंधारात चालवले. त्या मनुष्याला सजवण्यातच कित्येक तास जात, आणि चार पावलांचे गणित सोडवण्यात महिने. तरीही त्याची कैफियत कोणी लिहून ठेवली नाही, याची खंत पंडितांस नसून मला आहे.

मांजराचा विषय मात्र त्यांच्यापुढे काढू नये. उंचावरून उलटे सोडलेले मांजर पायांवरच कसे पडते, या चिंतेने मॅक्सवेलसारख्या महापंडितालाही ग्रासले होते, आणि केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात खिडकीतून मांजरे टाकणारा मनुष्य अशी त्याची ख्याती झाल्यामुळे, मांजर किती त्वरेने वळते एवढेच आपल्याला पाहावयाचे होते, असा खुलासा त्याला करावा लागला. पुढे १८९४ साली एत्येन-झ्यूल मारे या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने पडत्या मांजराची ओळीने छायाचित्रे घेऊन पॅरिसच्या अकादमीपुढे ठेवली, तेव्हा टेकायला काही नसताना हवेत अंग फिरवणे यंत्रशास्त्राच्या नियमांत बसत नाही, अशी हरकत काही सभासदांनी घेतली. मांजर नियमात बसले नाही तरी पायांवर बसले होते, हे छायाचित्रात स्वच्छ दिसत होते. अंगाचा पुढचा व मागचा भाग निरनिराळ्या वेळी आखडून आणि पसरून ते ही किमया साधते, असे अखेर ठरले. ‘नेचर’ नियतकालिकाने तर त्या मांजराच्या मुद्रेवरील मानभंगावरून त्याला शास्त्रीय संशोधनात रस नसावा असा शेरा मारला. मला तो प्राणी शास्त्राचा खरा जाणकार वाटतो.

येथवर पंडितांचा स्वर प्रसन्न असतो. माइब्रिजचे नाव निघाले की तो कातर होतो. कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे १८७८ साली माइब्रिजने एका ओळीत मांडलेल्या कॅमेऱ्यांनी दौडणाऱ्या घोडीची छायाचित्रे घेतली आणि तिचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटतात हे सिद्ध केले. सुटतात तेही चित्रकार काढीत तसे पुढे-मागे ताणलेले नव्हे, तर पोटाखाली गोळा झालेले. परंतु १८८२ साली घोडीचा मालक लेलंड स्टॅनफर्ड याने या विषयावर जो ग्रंथ काढवला, त्याच्या मुखपृष्ठावर नाव दुसऱ्याचेच. आणि तो ग्रंथ पाहून लंडनच्या रॉयल सोसायटीने माइब्रिजचा निबंध छापण्याचा विचार रहित केला. त्याने दावा लावला, तोही फेटाळला गेला. ही हकिगत सांगताना पंडितांच्या डोळ्यांत पाणी येते ते माइब्रिजसाठी, असा माझा पुष्कळ दिवस समज होता. परंतु त्यांच्या स्वतःच्या निबंधावर नावांचा क्रम कसा लागावा, याविषयी विभागप्रमुखांशी त्यांचा पत्रव्यवहार चालू आहे, हे मागाहून समजले.

हा निबंध शेळीवरचा. उतारावरून उतरताना शेळी आपला वेग कशी आवरते, हे पाहण्यात पंडितांची उमेदीची वर्षे गेली. त्यांना शेळीविषयी निखळ कुतूहल आहे. परंतु अनुदानाच्या अर्जात ‘कुतूहल’ या सदराखाली रक्कम मंजूर करण्याचा शिरस्ता कोणत्याही सरकारदरबारी नसल्यामुळे, या संशोधनापासून यंत्रमानवांना पाय फुटतील, वृद्धांचे मोडके खुबे सुधारतील आणि देशाच्या डोंगरी सरहद्दीचे संरक्षण होईल, अशी हमी त्यांना तीन प्रतींत लिहून द्यावी लागली. अर्ज मंजूर झाला, तेव्हा शेळी म्हातारी झाली होती.

पुढे निबंध परीक्षकांकडे गेला. पहिल्या परीक्षकाने तो वाचला नसल्यामुळे मनापासून स्तुती केली. दुसऱ्याने बारकाईने वाचून, शेळीऐवजी उंट का घेतला नाही असा जाब विचारला, आणि आणखी पाच निबंधांचा उल्लेख करण्याची शिफारस केली. ते पाचही निबंध एकाच लेखणीतून उतरलेले होते, यावरून त्या निनावी परीक्षकाचे नाव उघड झाले. त्या रात्री पंडित गच्चीवर येरझारा घालीत शुद्ध मावळी बोलीत ज्या गोष्टी बोलले त्या येथे देता येत नाहीत. परंतु सकाळी पाठवलेल्या जबाबाचा मसुदा मी पाहिला आहे, आणि पेशव्यांच्या दप्तरातील एखाद्या मांडलिकाचा अर्जही इतका विनम्र नसेल. उंटाविषयीची सूचना अत्यंत मार्मिक असून तिच्यामुळे निबंधाचे मोल शतपट वाढले, असे त्यात लिहिले होते.

विद्वत्ता मोजण्याचेही एक माप निघाले आहे. हिर्श नावाच्या पदार्थवैज्ञानिकाने २००५ साली ते सुचवले : ज्याच्या वीस निबंधांचा प्रत्येकी निदान वीस वेळा इतरांनी उल्लेख केला, त्याचा अंक वीस. पंडित सकाळी चहापूर्वी आपला अंक पाहतात. सकल चराचरांच्या गतीचा हिशेब ठेवणाऱ्या या पुरुषाचा स्वतःचा अंक गेली कित्येक वर्षे एका जागी उभा आहे.

त्यांची प्रयोगशाळा मी एकदा पाहिली. हाफपँट घातलेला एक लाजाळू विद्यार्थी, त्याच्या खुब्यांवर, गुडघ्यांवर आणि घोट्यांवर चिकटवलेले चमकते गोळे, भोवती भिंतीवर टांगलेले कॅमेरे, आणि जमिनीत अशा बेताने बसवलेली बलमापक पट्टी की ती कोठे आहे हे चालणाऱ्याला कळू नये. कारण कळले की तो मुद्दाम तिच्यावर पाय टाकतो आणि चाल बिघडते. ‘‘तू आपला नेहमीसारखा चाल,’’ पंडित म्हणाले. एवढे ऐकताच जन्मभर बिनतक्रार चाललेल्या त्या मुलाचा उजवा हात उजव्या पायाबरोबर पुढे जाऊ लागला.

चालण्याची ही चिकित्सा देवळातही थांबत नाही. कीर्तनात बुवांनी तानाजीचे आख्यान लावले आणि यशवंती घोरपड सिंहगडाच्या कड्याला भिडली, तोच पंडित उठून उभे राहिले. ‘‘बुवा, पालीच्या बोटांना लक्षावधी सूक्ष्म केस असतात, म्हणून ती भिंतीला चिकटते, घोरपडीची सारी मदार नख्यांवर. तेव्हा कपार मिळाली असे धरले तरी मावळ्याचे वजन—’’ बुवांनी झांजा खाली ठेवल्या. ‘‘आपण कधी कडा चढला आहात का, महाराज?’’ ‘‘पर्वतीच्या पायऱ्या मोजल्या आहेत,’’ पंडित म्हणाले.

आषाढीच्या वारीत ज्ञानोबांची पालखी दिवेघाट चढते, तेव्हा मात्र ते चुकत नाहीत. डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेल्या बायका चढणीवर ज्या संथपणे चालतात, ती चाल पाहण्यासाठी हे वळणावरच्या दगडावर तासन्‌तास बसून असतात. केनियातील बायका आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्शापर्यंत ओझे वाहतात तरी सपाटीवर त्यांचा प्राणवायूचा खर्च वाढत नाही, असे १९८६ साली प्रसिद्ध झाले. आणि ओझ्याखाली त्यांच्या शरीराचा झोका अधिक काटकसरीने चालतो, हे त्याचे कारण १९९५ साली पुढे आले. आमच्या बायकांना ही विद्या चढणीवरही साधते की काय, हा पंडितांचा प्रश्न. एकदा एक म्हातारी त्यांच्यासमोर थांबली. ‘‘मघापासनं पायाकडं बघतुयास, लेकरा. पाया पडायचं तर पड की!’’ पंडित क्षणभर गोंधळले, मग वाकले. आणि वाकल्यावर तिच्या टाचेची ठेवण जवळून पाहायला मिळाली म्हणून जरा जास्तच वेळ वाकून राहिले. म्हातारीने त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या मते एवढा भाविक माणूस त्या घाटात दुसरा नव्हता, आणि माझेही मत तिच्याहून फारसे निराळे नाही.

शेळीचा निबंध अखेर छापून आला. त्यावर सहा नावे आहेत. पंडितांचे चौथे, विभागप्रमुखांचे शेवटचे, आणि शेळीचा उल्लेख ऋणनिर्देशातही नाही.