संकष्टीला पेरूवियन

अमेरिकेतल्या शॉमबर्गमध्ये वुडफील्ड मॉलच्या आसपास पेरूवियन जेवायला निघालेल्या मराठी मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: "व्हेज काय आहे?" संकष्टी असली की दुसरा: "उपासाचं काही?" वेटर बिचारा सेविचे सुचवतो. लिंबात मुरवलेली ही कच्ची मासळी युनेस्कोच्या वारसायादीत 2023 मध्ये शिरली. काकूंच्या यादीत शिरणं कठीण. मग आतलं चिकन वगळून काउसा येतो: लिंबू आणि पिवळी मिरची घालून मळलेला गार बटाटा. "अगं, ही तर वड्याची भाजी! फोडणी द्यायची राहिली वाटतं."

आता बटाटा मूळचा अँडीजचा. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा, साबुदाणा ज्या कंदाचा तोही तिकडचाच, आणि मिरचीसुद्धा. पोर्तुगीज आले नसते तर चतुर्थीला आपण वरीच्या तांदळावर बसलो असतो, तेही मिरीची पूड भुरभुरवून. पण काका वेटरला समजावतात, "आमच्या पाच हजार वर्षांच्या परंपरेत फक्त बटाटा आणि साबुदाणा चालतो." वेटर मान डोलावतो आणि हिरव्या चटणीची वाटी ठेवतो. काकू चाखतात, "कोथिंबीर आमच्यात उपासाला चालत नाही," असं बजावतात आणि आणखी एक वाटी मागवतात.