दुप्पट किंवा हजार, जे कमी असेल ते

टपालात हरवलेल्या वस्तूच्या भरपाईचे शास्त्र आपल्या देशात सव्वाशे वर्षे विकसित होत आले असून, मूळ वस्तूची किंमत विचारात न घेणे हा त्याचा पहिला सिद्धान्त आहे. १९९९ च्या अधिसूचनेनुसार स्पीड पोस्टने देशात कोठेही पाठविलेली वस्तू गहाळ झाल्यास प्रेषकाला, म्हणजे पाठविणाऱ्याला, त्याने भरलेल्या टपालहशिलाच्या दुप्पट रक्कम किंवा १००० रुपये, यांपैकी जे कमी असेल ते देय ठरते. शहापूर तालुक्यातील उंबरमाळीच्या एखाद्या आईने पुण्याच्या लेकीला दिवाळीसाठी ९००० रुपयांची पैठणी ७० रुपये हशील भरून पाठविली आणि ती वाटेत नाहीशी झाली, तर या सूत्रानुसार त्या माउलीचे नुकसान १४० रुपयांचे होते. पैठणीच्या घडीत वरवंटा ठेवून वजन वाढविले असते, तर हशील वाढून नुकसानही वाढले असते, ही सोय ग्रामीण प्रेषकांच्या अद्याप ध्यानात आलेली दिसत नाही.

या शास्त्राचा पाया १८९८ च्या भारतीय टपाल अधिनियमातील कलम ६ ने घातला. वस्तू हरवली, भलत्याला दिली गेली, उशिरा पोचली किंवा मोडली, तरी सरकारने स्पष्ट शब्दांत पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे सरकार काहीही देणे लागत नाही, आणि कपटाने किंवा जाणूनबुजून नुकसान केल्याखेरीज कोणताही कर्मचारी उत्तरदायी नाही, असे ते कलम सांगत होते. हा वसाहतकालीन कायदा जाऊन त्याच्या जागी टपाल अधिनियम, २०२३ आला व १८ जून २०२४ पासून लागू झाला. मात्र जुन्या कलम ६ मधील उत्तरदायित्वापासूनची सूट नव्या कायद्याच्या कलम १० मध्ये सुखरूप दाखल झाली असून, इतक्या लांबच्या पल्ल्यावर एखादी गोष्ट न हरवता, न मोडता, नेमक्या पत्त्यावर पोचल्याचे हे उदाहरण अभ्यासकांनी आवर्जून नोंदवून ठेवावे.

अर्थात, ज्याला वस्तूच्या किमतीची चिंता आहे त्याने विमा उतरवावा, असे उत्तर खिडकीमागून मिळते आणि ते नियमाला धरूनच असते. विमा टपाल म्हणजे प्रेषकाने किंमत जाहीर करून, तिच्या प्रमाणात जादा शुल्क भरून पाठविलेली वस्तू. तिच्या वेष्टनावर लाखेच्या मोहरा हव्यात, सर्व मोहरांची लाख एकाच जातीची हवी, त्यांवर प्रेषकाची खासगी खूण उमटलेली हवी, आणि ती खूण म्हणून चलनी नाण्याचा ठसा किंवा नुसत्या उभ्या-आडव्या रेघा चालत नाहीत. घरोघरी राजमुद्रा असण्याच्या काळात हा नियम कोणाला जाचक वाटला नसावा; डोळखांबच्या किंवा टोकावड्याच्या शेतकऱ्याने मात्र पार्सल बांधण्यापूर्वी आधी स्वतःची मुद्रा घडवून घ्यावी, हे ओघानेच आले. त्यातही शाखा डाकघरातून, म्हणजे खेड्यातील सर्वांत लहान टपाल कार्यालयातून, पाठविलेल्या वस्तूच्या विम्याची मर्यादा नियमावलीने दीर्घकाळ ६०० रुपये ठेवली, तर मोठ्या कार्यालयांसाठी ती १ लाख रुपये होती. खेड्यातून सहाशेच्या वर किमतीचे काही निघतच नाही, हे अनुमान कोणत्या सर्वेक्षणावर आधारलेले होते ते नियमावली सांगत नाही.

ज्या खिडकीतून हे ऐकविले जाते तिच्याच शेजारी ग्रामीण टपाल जीवन विम्याचे पत्रक डकविलेले असते, आणि या विषयाचे खरे सौंदर्य येथे आहे. टपालखाते १ फेब्रुवारी १८८४ पासून आयुर्विम्याच्या व्यवसायात आहे. प्रारंभी तो खात्याच्याच कर्मचाऱ्यांसाठी होता, आणि २४ मार्च १९९५ पासून ग्रामीण जनतेसाठी स्वतंत्र योजना सुरू झाली. तिच्यात माणसाचा १० लाख रुपयांपर्यंत विमा उतरतो, आणि तो उतरविण्याचे उद्दिष्ट दिवसाकाठी चार-पाच तासांच्या नोकरीवर असलेल्या ग्रामीण डाकसेवकाच्या मानेवर बसलेले असते. माणूस केव्हा जाईल हे खात्याच्या हाती नसूनही खाते त्याची लाखोंची हमी घेते, आणि जे पार्सल पूर्णपणे खात्याच्याच पिशवीत असते त्याच्याबाबत मात्र ते हात आखडते. ही विसंगती नसून आत्मपरीक्षणातून आलेली जोखमीची जाण आहे, असे म्हणावे लागते.

हरवलेल्या वस्तूंत जातवैधता प्रमाणपत्रासारखा कागद असेल, तर शास्त्र आणखी सूक्ष्म होते. शहापूर-मुरबाडच्या ठाकर, कातकरी किंवा महादेव कोळी कुटुंबातील मुलाचा प्रवेश आणि शिष्यवृत्ती ज्या एका कागदावर अवलंबून असते, त्याची बाजारात किंमत शून्य असल्याने विमा कशाचा उतरवायचा, हा प्रश्न उरतो. शिवाय आत काय होते हे सिद्ध करण्याचा भार दावेदारावर असतो आणि पुरावा नेमका हरवलेल्या लखोट्यात असतो. अखेरीस चौकशी झालीच, तर ‘सहभागी निष्काळजीपणा’ या नावाखाली वसुली एखाद्या किरकोळ पगाराच्या कर्मचाऱ्याच्या वेतनातून केली जाते. कायद्याने जनतेपासून राखलेला कर्मचारी स्वतःच्या खात्यापासून राखलेला नाही, ही बाब विनोदाची नाही.

रेल्वेने पार्सल पाठविणाऱ्याची गाठ थेट परमेश्वराशी पडते. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम ९३ मध्ये रेल्वेला जबाबदारीतून मोकळे करणाऱ्या कारणांच्या यादीत ‘दैवी कृत्य’ पहिल्या क्रमांकावर आहे आणि युद्ध त्याच्या खाली आहे. २१ जुलै २०२१ च्या रात्री उंबरमाळी स्थानकात पाणी फलाटाला टेकले आणि कसारा घाटात दरड कोसळली, तेव्हा या कलमाचे प्रात्यक्षिकच झाले. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तालुक्यात दैवी कृत्ये दर पावसाळ्यात होतच असतात, त्यामुळे येथील प्रेषकाने जूनपूर्वीच पार्सले आटोपावीत हे बरे. मुरबाडकरांना ही अडचण नाही, कारण त्यांच्याकडे अद्याप रेल्वेच आलेली नाही.

खासगी कुरियरकडे वळणाऱ्यांनी भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल हा १९९६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लक्षात ठेवावा. पावतीवरील १०० डॉलरची मर्यादा प्रेषकाने सही करून मान्य केल्यामुळे त्याच्यावर बंधनकारक ठरली. बारीक अक्षरांतील अटी वाचण्यासाठी भिंग घेऊन जाणे म्हणूनच गैर ठरू नये.

या साऱ्याला पर्याय म्हणून कसारा मार्गावर एक जुनी व्यवस्था टिकून आहे. सकाळच्या लोकलने कल्याणकडे जाणाऱ्या कोणा भाच्याच्या किंवा भाजीवाल्या मावशीच्या हाती पिशवी दिली जाते, पलीकडे फोन केला जातो, आणि पिशवी पोचते. हिच्यात अर्ज नाही, मोहोर नाही, हजाराची मर्यादा नाही. पिशवी हरवलीच, तर भाच्याकडून वसुली पुढील प्रत्येक लग्नकार्यात, चारचौघांत आणि चक्रवाढीने होत राहते.

ज्यांना असा भाचा नाही त्यांनी वस्तू बांधण्यापूर्वी तिचे छायाचित्र काढावे, खरेदीची पावती जपावी, टपालाच्या पावतीवरील क्रमांक वहीत उतरवून ठेवावा, तक्रार तोंडी न करता लेखी द्यावी व तिची पोच घ्यावी, आणि दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक फिरवावा. मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणत्याही टपालाने पाठवू नयेत.