उन्हाळी सुट्टीने हयातीचा दाखला सादर करावा

प्रति,
उन्हाळी सुट्टी,
शेवटचा ठाऊक पत्ता: शैक्षणिक दिनदर्शिका, शेवटचे पान.

विषय: हयातीचा दाखला सादर करणेबाबत.

महोदया,

पेन्शनर मंडळींना दर नोव्हेंबरात बँकेत जाऊन आपण अजून जिवंत आहोत हे सांगावे लागते. अंगठा उमटला की पुढची पेन्शन सुरू. आपल्याला मात्र ही अट कोणी घातलेली दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमावलीने महाविद्यालयाचे वर्ष नीट वाटून दिले आहे: अध्यापनाला 30 आठवडे, प्रवेश, परीक्षा आणि तिची तयारी मिळून 10, सुट्ट्यांना 10, सार्वजनिक सुट्ट्यांना 2. बेरीज बरोबर 52. त्या दहा आठवड्यांतून दिवाळीचा वाटा वजा केला तरी आपल्या नावावर दरसाल महिना-दीड महिना जमा होतो. तो उचलतो कोण, एवढेच विचारायचे आहे. कारण मे महिन्यात आपल्याला पाहिले असे छातीठोक सांगणारा विद्यार्थी इस्लामपुरात सापडणे अवघड झाले आहे. (गावाचे नाव ईश्वरपूर करण्याचा निर्णय 2025 मध्ये झाला, त्या गडबडीत आपण पत्ता चुकला असाल तर तसेही कळवावे.) साक्षीदार उरलेत ते वार्षिक परीक्षेच्या काळात शिकलेले काका आणि मामा. सुट्टी त्यांनी पाहिली याबद्दल वाद नाही. पण ती किती लांब होती याचे त्यांचे आकडे प्रत्येक लग्नात वाढत जातात, म्हणून ते ग्राह्य धरता येत नाहीत.

आपल्याला रद्द करणारा आदेश कोणी काढलेला नाही, हे आधीच मान्य करतो. परिपत्रकात आपण सुखरूप आहात. फक्त आपल्या जागेवर परीक्षा बसली आहे, आणि तीही ऐसपैस. एप्रिल-मेमध्ये कुठल्याही कॉलेजात डोकावून पाहावे. वर्गांच्या दारांवर बैठकव्यवस्थेचे कागद, बाकांवर खडूने घातलेले नंबर, आणि पंखा नेमका कोणाच्या डोक्यावर येतो यावर अर्धा निकाल. प्रश्नपत्रिका हल्ली संगणकावर येते आणि कॉलेजातच छापली जाते, त्यामुळे हातात पडते तेव्हा कागद कोमट असतो. पारा चाळिशीला टेकलेला असल्याने ते कोणाच्या लक्षात येत नाही. पेपर सोमवारी एक, मग गुरुवारी, मग थेट पुढच्या मंगळवारी. मधल्या दिवसांना आम्ही गॅप म्हणतो. गॅप हा मोठा विचित्र काळ आहे. त्यात कॉलेज नसते, सुट्टीही नसते. अभ्यास करायचा असतो, म्हणून दुसरे काही करता येत नाही, आणि दुसरे काही करता येत नाही या दुःखात अभ्यासही होत नाही. शिराळा, वाळवा, बोरगाव, आष्टा या बाजूंनी एसटीने येणारे विद्यार्थी मोजक्या पेपरांसाठी महिनाभराचा पास काढतात. हेच दिवस लग्नसराईचे. केटररकडे वाढप्याचे काम असते, मंडपाचे असते, पेठ नाक्यावरच्या हॉटेलांत माणूस हवा असतो. पण मुहूर्त पंचांग ठरवते, पेपर विद्यापीठ ठरवते आणि दोघांचे आपसात बोलणे नाही. चार आठवडे सलग येईन असे सांगता येत नसलेल्या पोराला काम कोण देणार?

याचे खापर सेमिस्टरवर फोडायची आमच्यात रीत आहे. ती मला पटत नाही. अमेरिकेतल्या विद्यापीठांतही सेमिस्टरच असते, आणि तिथली पोरे मेच्या मध्यावर जी मोकळी होतात ती ऑगस्टअखेर परत येतात. म्हणजे सेमिस्टरने सुट्टीचा जीव घ्यावा असा काही नियम नाही. सेमिस्टरची मूळ कल्पना साधी आहे: विषय छोटा, जो शिकवतो तोच तपासतो, आणि सत्र संपते तेव्हा विषयही संपतो. इथे आम्ही काय केले? सत्रे दोन केली आणि वार्षिक परीक्षेचा सगळा लवाजमा जसाच्या तसा ठेवून वर्षातून दोनदा मिरवायला काढला. परीक्षा अर्ज, विलंब शुल्क, हॉल तिकीट, केंद्र, भरारी पथक, उत्तरपत्रिका तपासणीची कॅप, निकाल, छायाप्रतीचा अर्ज, पुनर्मूल्यांकनाचा अर्ज. पदवीच्या तीन वर्षांत पूर्वी ही वरात तीनदा निघायची, आता सहा वेळा निघते. त्यात अभ्यासक्रम बदलला की जुन्या पॅटर्नच्या रिपीटरांची वेगळी परीक्षा, आणि अभ्यासक्रम बदलायचा आमच्याकडे कोणाला कंटाळा नाही. खरी मेख पुढेच आहे. प्रथम वर्षाची परीक्षा चालू असते तेव्हा द्वितीय वर्षाचे तास बंद असतात, कारण खोल्या त्याच आणि पर्यवेक्षण करणारे प्राध्यापकही तेच. म्हणजे परीक्षा आधी तास खाते. मग बुडालेले तास भरून सत्राचे नव्वद दिवस कागदावर पुरे करायचे म्हणून सत्र पुढे सरकते. सत्र सरकले की परीक्षा सरकते, आणि सरकत सरकत ती जिथे येऊन बसते ती जागा, महोदया, आपली असते.

नव्या शैक्षणिक धोरणाने यात भर घातली. राज्याचा शासन निर्णय 20 एप्रिल 2023 चा, आणि 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांतही तो लागू झाला. मुख्य विषयाबरोबर आता ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, सीसी आणि आयकेएस असे आद्याक्षरांचे विषय आले. सत्राला 22 क्रेडिट पुरी करायची, म्हणून विषयांची संख्या वाढली, आणि विषय म्हटला की परीक्षा आलीच. दोन क्रेडिटच्या विषयालाही अर्ज, बैठक क्रमांक आणि नापास होण्याची पूर्ण सोय आहे. यातल्या आयकेएसवर, म्हणजे भारतीय ज्ञान प्रणालीवर, आमची विशेष भिस्त होती. कारण त्या प्रणालीत अनध्यायाचे नियम स्पष्ट होते: अमावास्या, पौर्णिमा, अष्टमी, चतुर्दशीला अध्ययन बंद, आणि मेघगर्जना झाली तरी पोथी मिटायची. परंपरेतून उचलायचे तर हेही उचलले जाईल असे वाटले होते. पण आयकेएसचा बॅकलॉग उन्हाळ्यात देणाऱ्याला बाहेर वळीव गडगडत असला तरी शेवटचा प्रश्न सोडवावाच लागतो.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप घरचाच आहे: सुट्टी देऊन करणार काय, मोबाइलच बघणार ना? उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, काही जण मोबाइलच बघतील. पण गॅपमध्येही तेच चालते. परीक्षा लांबवून मोबाइल सुटल्याचा दाखला कोणी दिलेला नाही. उलट, ज्याला काही करायचे आहे त्याचे हात बांधले जातात. वाळवा तालुक्यात मे आणि जूनमध्ये शेताला माणूस लागतो. आडसाली लागणीआधी मशागत असते, शेणखत ओढायचे असते, सऱ्या सोडायच्या असतात. ज्याच्या घरी शेत नाही त्याला पुढच्या वर्षाची फी जमवायची असते. ज्याला दोन्हींची गरज नाही त्याच्यासाठी वाचायला पुस्तके आहेत, आणि पाठ्यपुस्तकाबाहेरचे पुस्तक वाचायला सलग पंधरा दिवस लागतात हे ज्याने वाचले आहे त्याला सांगायला नको. ज्या तालुक्यात ऐतवडे बुद्रुक आहे तिथे तरी हे पटवून देण्याची वेळ येऊ नये. ते कर्मवीर भाऊराव पाटलांचे मूळ गाव. त्यांनी 1919 मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, 1947 मध्ये साताऱ्यात कॉलेज काढले आणि कमवा व शिका हे तत्त्व कॉलेजच्या पोरांनाही लावले. त्या योजनेला पोरगा लागतो, काम लागते, आणि काम करायला वेळ लागतो. पहिल्या दोन गोष्टींची आमच्याकडे आजही टंचाई नाही.

यावर धोरणवाले म्हणतील, अहो, आता कामाचेही क्रेडिट ठेवले आहे, ऑन जॉब ट्रेनिंग चार क्रेडिटचे आहे. कल्पना चांगली आहे, थट्टा करणार नाही. पण ते ट्रेनिंग करायचे केव्हा, हे विचारले की बोट पुन्हा आपल्याकडेच वळते: सुट्टीत करा. म्हणजे परीक्षा सुट्टीत, राहिलेले तास सुट्टीत, ट्रेनिंग सुट्टीत. उरलेल्या वेळात अभ्यासिकेत जाऊन पोलीस भरती नाहीतर एमपीएससीची तयारी, तीही अर्थातच सुट्टीत. आपण एवढ्या कर्तृत्ववान आहात हे आम्हाला ठाऊक नव्हते.

दुसरा आक्षेप जरा जड आहे. 2020 मध्ये सुट्टीच सुट्टी होती, तेव्हा काय दिवे लावले? मार्चमध्ये कॉलेजे बंद झाली. अंतिम वर्ष सोडून बाकीच्यांना आधीच्या आणि अंतर्गत गुणांवर पुढे ढकलले गेले. अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय पदवी देता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने 28 ऑगस्टला सांगितले. त्या बॅचला अजून कोविड बॅच म्हणून टोमणे बसतात. पण तो काळ सुट्टीच्या खात्यावर टाकणे अन्यायाचे आहे. तेव्हा ग्रंथालयाला कुलूप होते, एसटी थांबली होती, काम मिळत नव्हते, आणि परीक्षा होणार की नाही हेच ठाऊक नसल्याने माणूस रोज अर्धा परीक्षेला बसलेला असायचा. सुट्टीला शेवटची तारीख लागते. ती कधी संपणार हे माहीत असले तरच ती सुरू झाली असे वाटते. त्या वर्षाने सिद्ध काही केले असेल तर एवढेच, की अनिश्चितता माणसाला निकामी करते. आणि आजचे वेळापत्रक, सुधारित वेळापत्रक आणि पुन्हा सुधारित वेळापत्रक नेमकी तीच अनिश्चितता दर उन्हाळ्याला हप्त्याहप्त्याने पुरवत असते.

तिसरा आक्षेप असा, की प्राध्यापकांनाही सुट्टी मिळत नाही, मग तुम्हीच का रडता? खरे आहे. मेमध्ये कॅपच्या टेबलावर उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासणाऱ्या प्राध्यापकांचा चेहरा पाहिला की आमच्या अक्षराबद्दल आम्हालाच वाईट वाटते. पण सुट्टीत कामाला लावले तर तेवढ्या दिवसांच्या एक तृतीयांश अर्जित रजा त्यांच्या खात्यात जमा होते, असा नियम आहे. विद्यार्थ्याच्या खात्यात असे काही जमा होत नाही. त्याच्याकडे खातेच नाही. मुंबई उच्च न्यायालय आजही दरवर्षी मे महिन्यात उन्हाळी सुट्टीवर जाते. तिथे लाखांनी खटले तुंबलेत आणि तरी सुट्टी टिकली आहे, कारण तिची तारीख आधी ठरते आणि कामाने तिच्याभोवतीने जायचे असते. आमच्याकडे तारीख कामाची ठरते, सुट्टीने जमेल तिथे बसून घ्यायचे असते.

निकालाचेही तसेच. 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने शेवटच्या पेपरपासून 30 दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करावा आणि काही झाले तरी 45 दिवसांत तो लावावा असे सांगितले आहे. मेअखेर पेपर संपला तर हे 45 दिवस जुलैच्या मध्यावर जातात. तोवर पुढचे सत्र सुरू होऊन महिना होत आलेला असतो. आम्ही ज्या वर्गात बसलो आहोत तिथे बसायला पात्र आहोत का, हे न कळता बसण्याचा हा अनुभव तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला उपयोगी पडेल; बाकीच्यांना तो नको आहे.

म्हणून आपल्याकडून दाखल्याबरोबर पुढील हमी हवी आहे. आपली पहिली आणि शेवटची तारीख जूनमध्ये, वर्ष सुरू होतानाच जाहीर व्हावी, आणि वेळापत्रक सुधारायचे झाल्यास ते आपल्या अलीकडे सुधारावे, पलीकडे नाही. दोन क्रेडिटच्या विषयांची परीक्षा ज्या प्राध्यापकांनी शिकवले त्यांनीच सत्र चालू असताना वर्गात घ्यावी. त्यासाठी केंद्र, कॅप आणि भरारी पथक लागत नाही. उरलेल्या मुख्य विषयांचे पेपर दोन आठवड्यांत आटपावेत. रोज पेपर आला तर विद्यार्थी मरतात असा समज आहे, पण दहावीपर्यंत दर सहामाहीला रोज पेपर देऊन आम्ही इथवर आलो आहोत. वर्गातल्या परीक्षेत वशिल्याने गुण वाढतील अशी शंका कोणी काढेल. काढू दे. जो प्राध्यापक 30 आठवडे शिकवण्याइतका विश्वासाचा आहे तो दोन क्रेडिटचे गुण देताना अचानक संशयित का होतो, हे शंका काढणाऱ्याने समजावून सांगावे. आणि सर्वांत महत्त्वाचे: गॅप रद्द करून ते सगळे दिवस एकरकमी आपल्या खात्यावर वर्ग करावेत. नवे काही मागत नाही, दिवस तेवढेच आहेत. ते सुटे आहेत म्हणून खर्च होतात.

उत्तर शक्य तो मेमध्ये द्यावे. जूनमध्ये आम्ही परीक्षा अर्ज भरण्याच्या रांगेत असू.

कळावे,

आपला,
एक विद्यार्थी, इस्लामपूर
तृतीय वर्ष (द्वितीय वर्षाच्या एका विषयासह)