डब्यावरून साल

सासरी निघालेल्या नवरीचा फलाटावरचा जुना फोटो. नवरी रडते आहे, करवली रडते आहे, आणि रेल्वेवेडा गृहस्थ भिंग लावून मागच्या डब्याकडे बघतो आहे. "डब्यावर ३ आकडा आहे. म्हणजे १९७४च्या आतलं लग्न." तिसरा वर्ग कधी संपला हे त्याला पाठ असतं, स्वतःच्या लग्नाची तारीख बायको सांगते.

रंगीत फोटो असला की त्याची कळी खुलते. व्हॅक्यूम ब्रेक जाऊन एअर ब्रेक आले, तसे नव्वदच्या दशकात विटकरी डबे मागे पडून निळे आले. पण सगळे डबे काही एका रात्रीत रंगत नाहीत. त्यामुळे विटकरी गाडीत मधेच एखादा निळा डबा दिसला, की याला गुप्तधन सापडतं. अशी भेसळ थोडीच वर्षं टिकली, तेव्हा साल नेमकं पकडता येतं. सत्तरच्या दशकात घडणाऱ्या सिनेमात निळा डबा आला, तर मात्र संपलंच. पुढे खून कोणी केला हे त्याला कळत नाही, आणि शेजारच्या प्रेक्षकांनाही तो कळू देत नाही.

लोकल जांभळी-पांढरी? २००७च्या आधीची नव्हे. पाटीवर व्ही.टी.? १९९६च्या आधीची. हे किरकोळ.

खरी भक्ती डेक्कन क्वीनवर. १ जून १९३०ला ती सुरू झाली तेव्हा तिचे दोन रेक होते: एक रुपेरी, लाल पट्ट्यांचा, दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. कृष्णधवल फोटोतल्या करड्या छटेवरून यातला कुठला, यावर दोन रेल्वेवेडे तासभर भांडतात आणि तेवढ्यात समोरून त्यांचीच गाडी निघून जाते. १९६६ला ते डबे गेल्याचं सुतक अजून फिटलेलं नाही. त्यात २०२२ला क्वीन हिरवी झाली.

त्याची खरी जिरवते ती बंद पडलेली शकुंतला. यवतमाळ ते मूर्तिजापूर, तिथून अचलपूर. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेलं वाफेचं इंजिन, ते १९९४पर्यंत तीच गाडी ओढत राहिलं. सत्तर वर्षं तेच इंजिन, तोच अरुंद रूळ! भिंग फिरवून फिरवून डोळे दुखतात, साल काही सापडत नाही. शेवटी नाइलाजाने तो खिडकीतल्या माणसांकडे बघतो.

"बेलबॉटम," तो पुटपुटतो. "पंच्याहत्तरच्या आसपास."