सूत्रधार नाचत नाही

मला नाचता येत नाही, ही गोष्ट मी आजवर मोठ्या शिताफीने लपवली होती. वरातीत मी कुणाची तरी हरवलेली चप्पल शोधतो. विसर्जनाला ताशावाल्यांना पाणी देतो. यूएईतल्या रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात क्वालिटीचा साहेब म्हणून आलो, तेव्हा वाटलं, सुटलो. एकीकडे डोंगर, एकीकडे समुद्र, मध्ये सिमेंट आणि टाइल्स. इथे कोण नाचवणार? पण चार मराठी घरं जमली की गणपती बसतो आणि गणपती बसला की विविध गुणदर्शन येतं.

यंदाचा विषय निघाला ‘सत्तरचं दशक’, आणि नृत्यात भाग घेणं सगळ्यांना सक्तीचं. माझं नाव कोळीगीताच्या यादीत चढणार, तेवढ्यात मी म्हणालो, “आपण ‘सोल ट्रेन’ करू या!”

शिकागोच्या एका स्थानिक वाहिनीवर 1970 साली सुरू झालेला, पुढल्याच वर्षी लॉस एंजेलिसला जाऊन अमेरिकाभर पोचलेला आणि 2006 पर्यंत चाललेला हा कृष्णवर्णीयांच्या संगीताचा कार्यक्रम. गायला जेम्स ब्राऊनसारखी मंडळी. पण लोक टीव्हीसमोर बसायचे ते नाचणाऱ्या पोरापोरींसाठी. समोरासमोर दोन रांगा, मध्ये बोळ, आणि त्या बोळातून एकेका जोडीने आपली करामत दाखवत जायचं. मानधन शून्य. जेवायला तळलेल्या कोंबडीचा डबा. (आमचे कलाकार वडापाववर नाचतात, म्हणजे परंपरा एकच.) यातल्याच जेफ्री डॅनियलकडून मायकल जॅक्सन मागे सरकायला शिकला. डॉन कॅम्पबेल नावाच्या पोराला एक प्रचलित स्टेप जमेना, तो मध्येच थबकायचा. त्या थबकण्याचीच ‘लॉकिंग’ नावाची शैली झाली. हे वाचून मला उगाच धीर आला होता.

पण माझा खरा डोळा होता सूत्रधारावर. डॉन कॉर्नेलियस. आधी विमा विकलेला, काही काळ पोलिसात काढलेला, उंचापुरा, आवाज थेट पाताळातून. तो बाजूला उभा राहून बोलायचा आणि नाचायचे ते इतर. असा रोल मराठी रंगभूमीने मला कधीच दिला नव्हता. मी तो तिथल्या तिथे पटकावला.

मग तयारी. इथल्या नखील भागातल्या शिंप्याकडून बेलबॉटम शिवून घेतली. तिच्या एका पायात माझे दोन्ही पाय मावत होते. केसांचा गोल टोप मागवला. सप्टेंबरच्या दमट हवेत तो घालणं म्हणजे डोक्यावर कुकर ठेवणं. खर्जातला आवाज कमवायला तळघरातल्या पार्किंगमध्ये जाऊ लागलो, तर वॉचमन टॉर्च घेऊन धावत आला. हॉलमध्ये रांगांसाठी चिकटपट्ट्या मी स्वतः लावल्या, मोजपट्टी धरून. टाइल एक मिलिमीटर वाकली तरी मी बाजूला काढतो. रांग कशी वाकू देईन?

कार्यक्रम अप्रतिम चालला होता, हे मीच माइकवरून सांगत होतो. साठी उलटलेल्या एक काकू गिरक्या घेत बोळातून गेल्या. अकाउंट्समधला एक अबोल गृहस्थ तर रोबोसारखा असा नाचला की त्याची बायको खुर्चीवर उभी राहिली. मी खर्जात पुढच्या जोडीचं नाव घेणार, इतक्यात सेक्रेटरी वहिनींनी माझ्या हातातला माइक काढून घेतला.

“डॉन कॉर्नेलियसही एकदा बोळातून नाचत गेला होता. सुप्रीम्सच्या मेरी विल्सनबरोबर. व्हिडिओ आहे आमच्याकडे.”

आणि मागच्या पडद्यावर तो लागलासुद्धा. अभ्यास फक्त मीच केला, असा माझा समज होता. रांगेच्या तोंडाशी चमचमत्या साडीत आमची ही उभी. “अहो, चला.”

मी गेलो. लॉकिंग करायचं मनात होतं, ते गुडघ्यांनी परस्पर केलं. बोळाच्या मधोमध मी थबकलो तो थबकलोच. तेवढ्यात मागून एक आजोबा ओरडले, “अरे, भगवानदादा कर!”

भगवानदादा पालव. ‘अलबेला’, 1951. अंगाने गोल असलेल्या त्या माणसाने हात दुमडून, खांदे हलवत, पाय जेमतेम उचलून नाचण्याची अशी काही तऱ्हा काढली की पुढे अमिताभनेही ती उचलली. माझं तर मत आहे की न नाचता येणाऱ्या तमाम मराठी पुरुषांवर त्यांचे थोर उपकार आहेत. मी हात दुमडले. खांदे हलू लागले, पाय निघाले. अर्ध्या वाटेत बेलबॉटम बुटात अडकली, मी पुढे झेपावलो आणि टोप मागे राहिला. एका चिमुरड्याने तो पाहून भोकाड पसरलं. मी मात्र थांबलो नाही. खरं सांगायचं तर थांबता येत नव्हतं. पलीकडच्या टोकाला प्रसादाचं टेबल होतं म्हणून थांबलो.

रात्री व्हिडिओ घरच्या ग्रुपवर गेला. सकाळी सांगलीहून आईचा फोन.

“सूनबाई छान नाचली रे. तिच्या मागून धडपडत आलेले ते केस गेलेले गृहस्थ कोण?”