पूर्णविराम

लेकीच्या खोलीपासून माझी खुर्ची बारा पावलांवर. पण ती दहावीत गेल्यापासून आमचा व्यवहार व्हॉट्सअॅपवरूनच चालतो. परवा मी लिहिलं, ‘जेवायला ये.’ उत्तर आलं, ‘बाबा तू चिडलायस का’

पुरणपोळीच्या दिवशी कोण चिडेल? शेवटी बायकोनं उलगडा केला. “अरे, तू पूर्णविराम दिलास. त्यांच्यात तो रागावल्यावरच देतात.”

आमच्या मराठीच्या बाई म्हणायच्या, पूर्णविरामाशिवाय वाक्य म्हणजे कडी न लावलेलं दार. तो विसरला म्हणून मी पट्ट्या खाल्ल्यात. आणि आता, जिच्या दाराची कडी दिवसभर आतून लावलेली असते, ती म्हणते बाबा तुटक बोलतो!

इंग्रजी वळणाची विरामचिन्हं मराठीत रुजवली ती मेजर थॉमस कँडी यांनी, एकोणिसाव्या शतकात. त्याआधी मोडीत अक्षरं न थांबता पळायची, दोन शब्दांमध्ये जागासुद्धा सोडत नसत. ‘क्लासनंतरमैत्रिणीकडेजातेयउशीरहोईल’ असा निरोप आला की वाटतं, ही पोर पेशवे दफ्तरात शोभली असती.

बरं, लिहिताना न थांबणारी ही मुलगी बोलताना सुरूच होत नाही. मी पडलो बोलका. घर येईपर्यंत रिक्षावाल्याच्या मुलाचे मार्क मला ठाऊक झालेले असतात. आणि घरी?

“पेपर कसा गेला?”

“बरा.”

“बरा म्हणजे?”

“म्हणजे बरा.”

मी हळूच बायकोला म्हटलं, पोरगी घुमी होत चाललीय. बंद दारामागून आवाज आला, “घुमी नाही, इंट्रोव्हर्ट!” कार्ल युंगनं १९२१ साली ग्रंथ लिहून माणसांची अंतर्मुख आणि बहिर्मुख अशी वाटणी केली, तेव्हा आपण आमच्या कन्येचं वकीलपत्र घेतोय हे त्याच्या गावीही नसेल.

खरं सांगायचं तर त्या वयात मीही माझ्या वडिलांशी कुठे बोलायचो? त्यांना अहोजाहो, आणि सगळी बोलणी आईमार्फत. “बाबांना सांग, सहलीचे वीस रुपये हवेत.” “त्याला सांग, गणितात किती पडले ते आधी कळू दे.” तिघंही एकाच खोलीत बसलेलो असायचो.

काल मन घट्ट केलं. कँडीसाहेबांची मनोमन माफी मागितली आणि ‘जेवायला ये’ एवढंच लिहून, पुढे काहीही न लावता, पाठवून दिलं.

खाड्कन कडी निघाली. बारा पावलं चालून लेक आली आणि माझ्या कपाळाला हात लावून बघू लागली.

“बाबा, कसा आहेस? पूर्णविराम नव्हता.”

“बरा आहे.”

“बरा म्हणजे?”

“म्हणजे बरा,” मी म्हणालो.